दिवसा ऊन, रात्री गारठा: बेस प्लेटचं ग्राउटिंग नेमकं कधी करावं?

नटबोल्ट · सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

मी यंत्र उभारणीच्या कामावर असतो. तयार फाउंडेशन ताब्यात आलं की यंत्राखालची लोखंडी बेस प्लेट बसवायची, लेव्हल काढायची, ग्राउट करायचं (म्हणजे प्लेट आणि पाया यांच्यातली फट पातळ माल ओतून भरायची) आणि मग अलाइनमेंट, असं रोजचं काम. सध्या दोन यंत्रं समोर आहेत. एक ब्लोअरचं स्किड (यंत्र ज्यावर बसतं ती लोखंडी चौकट) आहे, ६ मीटर लांब आणि १.८ मीटर रुंद, खाली ४५ मिमीच्या आसपास गॅप. त्याला ड्रॉइंगमध्ये सिमेंटचं नॉन-श्रिंक (न आखडणारं) ग्राउट सांगितलंय. दुसरा पिस्टनवाला कॉम्प्रेसर, त्याला इपॉक्सी, म्हणजे राळ आणि हार्डनर मिसळून कडक होणारा माल. शेडचं छप्पर अजून चढलेलं नाही. दुपारी सावलीत ३८ अंश असतात आणि पहाटे ८-९.

मागे एकदा अशाच दिवसांत फार वाईट अनुभव आला. दुपारी दोन वाजता ओतायला सुरुवात केली. निम्मी प्लेट भरेपर्यंत माल दाटायला लागला आणि पुढे सरकेना, तेव्हा मिक्सरवरच्या माणसाने बादलीभर पाणी वाढवलं. मी तिथे उभा होतो आणि मी थांबवलं नाही. शटरिंग उघडल्यावर कडा गुळगुळीत, सगळे खूश. महिन्याभरात व्हायब्रेशन वाढलं. प्लेटवर हातोडी वाजवत गेलो तर मधला जवळपास अर्धा भाग भद्द बोलत होता. यंत्र उचलून सगळं ग्राउट फोडावं लागलं. आत काय होतं ते अजून डोळ्यांसमोर आहे: प्लेटच्या खाली दोन मिमीची सपाट फट, आणि तिच्या तळाशी खडूसारखा पांढरा, नखाने खरवडला तर निघणारा थर.

या वेळी तसं होऊ द्यायचं नाही. ओतायला कुठली वेळ धरावी? बर्फाचं पाणी वापरावं का, आणि किती? मालाच्या पिशवीवर १० ते ३० अंश लिहिलंय, ते नक्की कशाचं तापमान?

—

पाणसळ · सोमवार, रात्री १०:२५

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीची उत्तरं त्यातच आहेत. हवेचं तापमान हे निमित्तमात्र. ग्राउट हवेला टेकत नाही. ते खाली काँक्रीटला आणि वर लोखंडाला टेकतं. म्हणून तीन आकडे लिहायचे: प्लेटचं तापमान, काँक्रीटचं तापमान आणि मिक्सरमधून निघालेल्या मालाचं तापमान. हवा चौथ्या रकान्यात लिहा, पण तिच्यावरून निर्णय घेऊ नका.

तुमच्याकडे ३८ अंश हवा असेल तेव्हा उन्हातली प्लेट ५५-६० अंशांवर सहज जाते. हात ठेववत नाही. तिच्या खाली पसरलेल्या मालाचा वरचा थर आधी सेट होतो, त्यातलं पाणी ओढलं जातं आणि पुढून येणाऱ्या मालाला वाट राहत नाही.

मोजण्यात एक चूक नेहमी होते. इन्फ्रारेड गन चकचकीत, मशीन केलेल्या लोखंडावर धरली तर खोटा आकडा येतो, कारण उघडं लोखंड स्वतःची उष्णता कमी फेकतं आणि समोरच्याची परावर्तित करतं. उघड्या आभाळाखाली तर गन प्लेटऐवजी आभाळच मोजते. प्लेटवर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा, पाच मिनिटं थांबा आणि टेपवर गन धरा. रंगवलेल्या भागावर आकडा बरा येतो.

काँक्रीटचं तापमान वरवर मोजून चालत नाही. शटरिंगच्या बाहेर, बोल्टपासून लांब, १५० मिमी खोल बारीक भोक पाडा, त्यात थोडं पाणी किंवा तेल भरा आणि प्रोब आत सोडा. काँक्रीटमध्ये उष्णता फार सावकाश शिरते. ढोबळ हिशेब सांगतो: एका दिवसात साधारण ३० सेंमी. दुप्पट खोल जायला दुप्पट नाही, चौपट वेळ लागतो. म्हणून आदल्या रात्री हीटर लावून पृष्ठभाग कोमट केला, तरी आतला ठोकळा थंडच राहतो आणि हीटर बंद केल्यावर वरची ऊब गिळून टाकतो. उन्हाळ्यात याच गुणाचा फायदा होतो. दोन दिवस सावली धरली की पाया हवेपेक्षा बराच गार राहतो.

—

गुणिया · सोमवार, रात्री ११:०५

पाणसळ यांच्याशी सहमत, पण ग्राउटच्या आधीची गोष्ट राहिली. लेव्हल कधी काढलीत?

६ मीटरचं स्किड, बीमची उंची समजा ३०० मिमी. बीमचा वरचा फ्लँज (आडवी पट्टी) उन्हात, खालचा सावलीत. दोघांत फक्त १० अंशांचा फरक धरा. वरची बाजू जास्त वाढते आणि स्किड मधोमध वर उचलतं. लोखंडाची वाढ अंशाला मीटरमागे १२ मायक्रॉन. मोकळ्या स्किडचा हिशेब केला तर मधला फुगवटा १.८ मिमी येतो. वजनामुळे आणि बोल्टांमुळे प्रत्यक्षात कमी दिसेल, पण ज्या कामात मीटरला ०.२ मिमीच्या आत लेव्हल मागितली जाते, तिथे यातला निम्मा फुगवटाही खूप झाला.

म्हणजे दुपारी लेव्हल केलीत आणि त्याच आकाराला ग्राउटने पकडून ठेवलंत, तर रात्री सरळ होऊ पाहणारं स्किड ग्राउटला कुठे दाबणार, कुठे ओढणार. हे पाहायला साधं साधन पुरतं. दुपारी मधल्या जॅकिंग बोल्टखाली (लेव्हलसाठी प्लेट वर-खाली करायचा बोल्ट) फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्या, घालून पाहा. सकाळी जी पाती शिरत नव्हती ती दुपारी सुळकन आत जाते.

माझी पद्धत अशी की लेव्हल पहाटे काढायची, ऊन पडण्याआधी, स्किडचं अंग सगळीकडे एकाच तापमानाला असताना. त्याच दिवशी दुपारी सावलीखाली पुन्हा तपासायची. दोन्ही वाचनांत फरक पडला तर सावली अपुरी आहे असं समजायचं आणि ग्राउट पुढे ढकलायचं.

—

नटबोल्ट · मंगळवार, सकाळी ६:३०

गुणिया, तुमचा प्रतिसाद वाचून काल रात्री नीट झोप लागली नाही. मागच्या कामाची लेव्हल आम्ही दुपारी साडेबाराला काढली होती. मी आजवर सगळा दोष त्या बादलीभर पाण्यालाच देत होतो.

आज मोजमाप सुरू करतो. बर्फाचं कुणी सांगेल का? आमच्याकडे २५ किलोच्या पिशव्या आहेत, पिशवीला ४ लिटर पाणी.

—

ओळंबा · मंगळवार, सकाळी ८:१५

बर्फाचा हिशेब करून टाकू.

कोरड्या मालाला तापायला जेवढी उष्णता लागते ती तेवढ्याच वजनाच्या पाण्याच्या साधारण पाचव्या भागाएवढी. मी ०.२२ धरतो. म्हणजे २५ किलोची पिशवी साडेपाच लिटर पाण्यासारखी वागते. पिशवी ३८ अंशांची आणि पाणी ३० अंशांचं असेल तर मिश्रण ३५ च्या जवळ जातं. तीच पिशवी आणि पाणी ५ अंशांचं, तर २४. पिशव्याच दोन दिवस सावलीत ठेवून २५ अंशांवर आणल्या, तर १५ अंशांच्या पाण्यानेही मिश्रण २१ वर येतं.

यातून निघणारा अर्थ बर्फाच्या विक्रेत्याला आवडणार नाही, पण खरा आहे: पिशव्या सावलीत ठेवल्या की बर्फ फारसा लागतच नाही. उन्हातल्या पत्र्याच्या कंटेनरमध्ये माल ठेवायचा आणि मग बर्फाच्या मागे धावायचं, हे उलटं काम आहे. मिक्सरचं भांडंही विसरू नका. उन्हात तापलेल्या ड्रममध्ये पहिली घाणी (एका वेळी कालवलेला माल) दोन-तीन अंशांनी चढते. ड्रम थंड पाण्याने धुऊन, पाणी पूर्ण काढून मगच माल टाका.

बर्फाने पाणी गार करा, पण गाळून घ्या. मिक्सरमध्ये बर्फाचा खडा गेला आणि प्लेटखाली जाऊन विरघळला, तर तिथे पाण्याचं डबकं तयार होतं आणि सेट झाल्यावर पोकळी. शिवाय गाळलेलं पाणी मोजता येतं, खड्यांसकट मोजता येत नाही.

आता त्या वाढवलेल्या पाण्याबद्दल. नटबोल्ट, तुम्ही सांगितलेली दोन मिमीची फट आणि खडूसारखा थर ही जास्त पाण्याची अगदी ओळखीची खूण आहे. जादा पाणी वर येतं, प्लेटला चिकटून थर धरतं, पुढे शोषलं जातं किंवा उडून जातं आणि फट मागे राहते. वर आलेल्या पाण्यासोबत सिमेंटची साय येते, तीच तो पांढरा थर. कडांना काहीच दिसत नाही, कारण तिथे शटरिंगपाशी माल प्लेटपेक्षा उंच उभा असतो.

नॉन-श्रिंक या शब्दावरही थोडं. काही मालांत प्रसरणासाठी अतिशय बारीक ॲल्युमिनियम पावडर असते. सिमेंटमधल्या अल्कलीशी तिची प्रक्रिया होऊन हायड्रोजनचे सूक्ष्म बुडबुडे निघतात आणि ओला माल फुगून प्लेटला चिकटून राहतो. ही प्रक्रिया तापमानाला फार संवेदनशील आहे. माल गरम असेल तर वायू मिक्सरमध्ये आणि हेड बॉक्समध्येच (ज्या उंच पेटीतून माल प्लेटखाली सोडतात ती) निघून जातो, प्लेटखाली पोहोचेपर्यंत फुगायचं बळ संपलेलं असतं. फार थंडीत उलट, वायू निघायला उशीर होतो आणि त्याचं कामच माल सेट होण्याच्या वेळेशी जुळत नाही. काही मालांत सेट झाल्यानंतर स्फटिक वाढून प्रसरण होतं, काहींत दोन्ही असतं. पण तापमान चुकलं की पिशवीवरचा ‘नॉन-श्रिंक’ हा शब्द तुमच्या कामाला लागू राहत नाही, हे सगळ्यांत खरं.

—

रातपाळी · मंगळवार, दुपारी १:२०

एवढा खटाटोप कशाला? आम्ही गरमीत नेहमी रात्री ओततो. आठ-नऊनंतर प्लेट गार, माल मस्त पळतो. आजवर एकही प्लेट पोकळ निघालेली नाही.

—

पाणसळ · मंगळवार, दुपारी २:४५

रातपाळी, जिथे रात्र २५ अंशांची असते तिथे तुमची पद्धत उत्तम आहे आणि मीही तसं केलंय. इथे पहाट ८ अंशांची आहे. रात्री नऊला ओतलेला माल अजून कोवळा असताना वरचं लोखंड भराभर गार होणार, आणि खालचं काँक्रीट मात्र दिवसाची ऊब धरून बसलेलं. ६ मीटरचं स्किड ३० अंशांनी गार झालं तर दोन मिमीहून जास्त आखडतं. माल नुकताच लोखंडाला चिकटू लागलेला असतो, तेव्हाच लोखंड त्याच्यावरून सरकतं. तो चिकटा एकदा सुटला की परत धरत नाही.

—

रातपाळी · मंगळवार, दुपारी ३:१०

मग सकाळी ओतलं तरी तेच. सकाळी ओता, दुपारी ऊन आलं की प्लेट वाढणार. सरकायची ती सरकणारच.

—

गुणिया · मंगळवार, संध्याकाळी ५:३०

मुद्दा बरोबर आहे, आणि याच जागी बहुतेक लोक चुकतात. वेळ ठरवताना फक्त ओतण्याचा तास पाहतात, पुढचे २४ तास पाहत नाहीत.

प्लेटचं आणि पायाचं तापमान तासातासाने कागदावर मांडा. दोन रेषा दिवसातून दोनदा एकमेकींना छेदतात. एकदा सकाळी, प्लेट तापत तापत पायाच्या बरोबरीला येते तेव्हा. एकदा संध्याकाळी किंवा रात्री, प्लेट गार होत खाली येते तेव्हा. ओतायला दोन्ही वेळा चांगल्या. फरक हा की सकाळच्या छेदानंतर उन्हापासून राखायचं, संध्याकाळच्या छेदानंतर थंडीपासून.

वर ताडपत्री ताणली आणि तिच्यात आणि प्लेटमध्ये हवा खेळायला हातभर जागा सोडली, की प्लेटची रेषा बरीच सपाट होते. मग कुठलाही छेद घ्या. मी सकाळचा घेतो. कारण हिशेबाबाहेरचं आहे: उजेड असतो, माणसं ताजी असतात, एखाद्या कोपऱ्यातून शटरिंग गळायला लागलं तर दिसतं. रात्री बॅटरीच्या उजेडात गळती सापडेपर्यंत हेड बॉक्स रिकामा झालेला मी पाहिलाय, आणि त्या प्लेटचं पुढे काय झालं ते सांगायची गरज नाही.

—

नटबोल्ट · मंगळवार, रात्री ९:१५

आजची वाचनं. उघड्यावर, ताडपत्रीशिवाय:

सकाळी ६ ला प्लेट ९, पाया २१. दुपारी २ ला प्लेट ५८, पाया २३. संध्याकाळी ७ ला प्लेट ३१, पाया २४.

दुपारी त्याच प्लेटच्या मशीन केलेल्या पॅडवर गन नुसती धरली तर ३४ दाखवत होती. टेपवर ५८. मागच्या कामाच्या रिपोर्टमध्ये मी हेच नुसत्या गनचे आकडे लिहून दिले होते.

उद्यापासून ताडपत्री, आणि पिशव्या आतल्या खोलीत हलवल्या.

—

राळगारा · बुधवार, सकाळी १०:००

कॉम्प्रेसरच्या इपॉक्सीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. सिमेंटच्या मालाची सवय घेऊन इपॉक्सीकडे गेलात तर फसाल. तयारीच उलटी आहे. सिमेंटच्या ग्राउटआधी पाया २४ तास भिजवून ठेवायचा आणि ओतताना साचलेलं पाणी काढून फक्त ओलसर ठेवायचा. इपॉक्सीला पाया कोरडा ठणठणीत हवा. एकाच साइटवर दोन्ही कामं एकाच आठवड्यात चालू असली की भिजवणारा माणूस सवयीने दोन्ही पाये भिजवतो. कॉम्प्रेसरच्या पायावर मोठ्या अक्षरांत पाटी लावा.

टाचे मारणं मात्र दोन्हीला लागतं. वरची साय पूर्ण काढून फुटलेली खडी दिसेपर्यंत टाचायचं, हलक्या चिपिंग हॅमरने. जड ब्रेकर लावला तर खालच्या काँक्रीटला बारीक भेगा जातात आणि ग्राउट त्या भेगाळलेल्या कातडीला चिकटून तिच्यासकट सुटतं.

आता तापमान. राळ, हार्डनर आणि खडी तिन्ही किमान दोन दिवस २० ते २५ अंशांच्या खोलीत ठेवा. खडी विसरली जाते, पण वजनाने ती सगळ्यांत जास्त असते आणि मिश्रणाचं तापमान तीच ठरवते. ढोबळ नियम असा की दर १० अंशांमागे इपॉक्सीचा वेग दुप्पट होतो किंवा निम्मा. ३५ अंशांना हातात मिनिटं उरतात. १० अंशांच्या खाली बहुतेक माल मधासारखे जड होतात, कडक व्हायला दिवसच्या दिवस लागतात आणि काही नीट कडक होतच नाहीत.

थंडीत माल पळेना म्हणून काही जण खडी कमी टाकतात. हे बादलीभर पाणी वाढवण्याचं इपॉक्सीतलं रूप आहे. खडीच उष्णता शोषते आणि खडीच आकुंचन आवरते. ती काढली की माल आतून जास्त तापतो, गार होताना जास्त आखडतो. उत्पादकाने लेखी परवानगी दिली असेल तेवढीच कमी करा.

आणखी एक, आणि माझ्या मते तुमच्या हवामानात हेच सगळ्यांत जड जाणार. काँक्रीट अंशाला मीटरमागे साधारण १० मायक्रॉन वाढतं-आखडतं, लोखंड १२, खडीवाला इपॉक्सी ३० च्या आसपास. ३ मीटर लांबीचा सलग इपॉक्सी ४० अंशांवर कडक झाला आणि पहाटे १० वर आला, तर त्याला २.७ मिमी आखडायचंय आणि काँक्रीट फक्त ०.९ आखडतंय. उरलेला फरक कुठेतरी निघतोच. शटरिंगच्या कडेला, बोल्टपाशी, चौकोनी कोपऱ्यांत उभी भेग दिसते, किंवा कडेचं काँक्रीटच इपॉक्सीसोबत सोलून वर येतं. म्हणून सव्वा-दीड मीटरवर जोड सोडायचे, प्लेटचे कोपरे गोल हवेत, पायाच्या कडेला ४५ अंशांचा उतार घ्यायचा. कडेने सळईच्या पिना मारलेल्या असतील तर फारच चांगलं.

आणि उष्णता कोंडून ओतू नका. गारठ्यात सावकाश कडक झालेल्या इपॉक्सीपेक्षा गरमीत घाईने कडक झालेला इपॉक्सी पुढे जास्त त्रास देतो, कारण त्याच्या अंगात ते जास्तीचं तापमान गोठलेलं असतं.

—

नटबोल्ट · बुधवार, दुपारी १२:१०

पाटी आत्ताच लावली. भिजवणाऱ्याने खरंच कॉम्प्रेसरच्या पायावर गोणपाट अंथरायला घेतलं होतं. गोणपाट काढलं, आता तो पाया वाळू देतोय.

पहाटेच्या गारठ्यासाठी स्किडला रात्री हीटर लावू का?

—

ओळंबा · बुधवार, दुपारी ४:००

हीटर कुठला आहे त्यावर आहे. ज्वाळेचा धूर तंबूत सोडणारा असेल तर अजिबात नको. त्या धुरातला कार्बन डायऑक्साइड कोवळ्या सिमेंटच्या उघड्या पृष्ठभागाशी प्रक्रिया करतो आणि कडा पिठूळ होतात, बोट फिरवलं तरी भुकटी येते. इपॉक्सीवर त्याच धुराने आणि दमटपणाने चिकट, तेलकट पापुद्रा धरतो. शिवाय बंद तंबूत माणसाच्या जिवाला धोका, तो वेगळाच. धूर बाहेर सोडून फक्त गरम हवा आत देणारा हीटर किंवा विजेचं ब्लँकेट चालेल.

तुमच्या स्किडला मात्र मला हीटरची गरज दिसत नाही. पाया २१-२४ अंशांचा साठा आहे, माल स्वतःही उष्णता सोडणार. वर जाड ब्लँकेट टाकून ती आत धरून ठेवा, एवढं पुरे. साधारण ३.५ मेगापास्कल ताकद येईपर्यंत सिमेंटचा माल गोठता कामा नये, हा किमान दंडक. ८ अंशांना गोठण्याचा प्रश्न नाही, पण ताकद सावकाश येईल. म्हणून जॅकिंग बोल्ट सैल करायचा दिवस कॅलेंडरवरून ठरवू नका. क्यूब (ताकद तपासायला त्याच मालाचे पाडलेले ठोकळे) प्लेटच्या शेजारी, त्याच ब्लँकेटखाली ठेवा आणि तेच फोडा. खोलीत ठेवलेले क्यूब खोलीतल्या मालाचं सांगतात.

जिथे खरी थंडी असेल त्यांच्यासाठी: पिशवी ५ अंशांची आणि पाणी १० चं, तर मिश्रण ७ ला अडकतं. पाणी ४० चं घेतलं तर २० वर येतं. त्याहून गरम पाणी नको, माल मिक्सरमध्येच बसायला लागतो. आणि गरम माल बर्फासारख्या प्लेटखाली ओतला तर कमावलेली ऊब प्लेटच खाते. आधी प्लेट आणि पाया, मग पाणी.

ब्लँकेट काढताना एकदम उघडं करू नका. एक दिवस कडा सैल करून ठेवा.

—

नटबोल्ट · शनिवार, सकाळी ८:००

काल स्किडचं ग्राउट झालं. सविस्तर लिहितो, कुणाला उपयोग होईल.

दोन दिवस ताडपत्री होती. काल पहाटे साडेपाचला प्लेट १६, १५० मिमी खोल पाया २०. लेव्हल त्याच वेळी शेवटची पाहिली. आदल्या दुपारच्या वाचनाशी फरक मीटरला ०.०५ मिमीच्या आत. ८ वाजता प्लेट २०, पाया २०. साचलेलं पाणी हवेच्या झोताने काढलं.

पिशव्या २६ अंशांवर, गाळलेलं पाणी १२ वर. हिशेबाने मिश्रण २० यायला हवं होतं, थर्मामीटरने २२ दाखवलं. ओळंबा म्हणाले तेच, भांडं. दोन मिक्सर, ४२ पिशव्या, एक तास. एकाच बाजूने ओतलं, समोरून माल प्लेटच्या वर येईपर्यंत कुठेही हेड बॉक्स रिकामा होऊ दिला नाही. पाणी मोजायला एकच माणूस, एकच भांडं, आणि मिक्सरजवळ दुसरी बादलीच ठेवली नाही.

एक क्षण असा आला की माल तिसऱ्या बोल्टपाशी थबकल्यासारखा वाटला. मिक्सरवरून आवाज आला, ‘थोडं पातळ करू का?’ मी नाही म्हटलं आणि हेड बॉक्समध्ये अजून दोन घाण्या चढवल्या. उंची वाढली तसा माल आपोआप सरकला.

दुपारी २ ला प्लेट २९, पाया २२. रात्री ब्लँकेटखाली प्लेट सर्वांत कमी १७.

—

रातपाळी · शनिवार, सकाळी ९:३०

अभिनंदन. हे आकडे पाहून मी आमच्या पुढच्या कामात रात्रभर वाचनं घेणार आहे. ओतल्यानंतर प्लेट कुठे जाते हे आम्ही कधी पाहिलंच नव्हतं.

—

नटबोल्ट · पुढचा शुक्रवार, संध्याकाळी ६:२०

शेजारच्या क्यूबची ताकद ड्रॉइंगमध्ये मागितली होती त्याहून वर गेली, तेव्हा जॅकिंग बोल्ट सैल केले, फाउंडेशन बोल्ट आवळले आणि आज हातोडी घेऊन पूर्ण प्लेट वाजवली. दीड-दीडशे मिमीवर खडूने खुणा करून. सगळीकडे टणक, फक्त हेड बॉक्सच्या समोरच्या डाव्या कोपऱ्यात वीतभर जागा पोकळ वाजते. शोधलं तर त्या कप्प्याचं एअर होल सापडलं, वर रंगकामाच्या वेळची टेप तशीच होती. हवा कोंडून राहिली.

वीतभरच आहे. सोडून द्यावं का?

—

गुणिया · शुक्रवार, संध्याकाळी ७:००

कोपऱ्यात बोल्ट आहे ना? मग सोडू नका. भरायला सोपं आहे, घाई मात्र नको.

पोकळ जागेच्या दोन टोकांना दोन भोकं, एक भरायला, एक हवा निघायला. ड्रिल प्लेटच्या पार झालं की लगेच थांबा, ग्राउटमध्ये घुसवू नका. प्लेटवर डायल गेज (बारीक हालचाल दाखवणारं काट्याचं मीटर) लावा, त्याचा स्टँड पायावर, प्लेटवर नाही. पातळ इपॉक्सी हाताच्या पंपाने अगदी हलक्या दाबाने. दुसऱ्या भोकातून माल आला की थांबा. मधेच डायलचा काटा हलू लागला तर त्या क्षणी हात काढा. ग्रीस गनचा दाब एवढा असतो की बोल्ट आवळलेली प्लेटही उचलली जाते आणि भरायला गेलेला माणूस लेव्हल बिघडवून येतो.

आणि हेही सकाळीच करा, प्लेट आणि पाया बरोबरीला असताना. पातळ इपॉक्सी तापल्या प्लेटखाली फार लवकर बसतो.

—

नटबोल्ट · शनिवार, सकाळी ११:४५

झालं. साडेआठला, प्लेट २१, पाया २१. कपभरापेक्षा थोडा जास्त माल गेला आणि दुसऱ्या भोकातून वर आला. काटा हलला नाही. उद्या पुन्हा वाजवून पाहीन.

कॉम्प्रेसरचा पाया आठवडाभर कोरडा आहे. प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवला, सकाळी खाली दव नव्हतं. राळ, हार्डनर आणि खडी सोमवारपासून खोलीत, आणि या वेळी सगळी एअर होल्स मी स्वतः तार घालून पाहिली आहेत. तंबू उद्या उभा राहतो.